गावाचं नाव कानाने शिकलात की डोळ्याने?

नकाशावेडा
परवा गाडीत फोनवर नकाशा लावला होता आणि त्यातली बाई अगदी गोड आवाजात म्हणाली की पुढे डावीकडे वळा, "माहास्वाद" कडे. गाडीतले आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघतोय, महास्वाद हे काय नवीन, हॉटेल आहे की मसाल्याची जाहिरात. मग रस्त्यावर पाटी आली, म्हसवड. पुढचा अर्धा तास गाडीत कुणी काही काम केलं नाही, नुसतं माहास्वाद माहास्वाद.

पण नंतर वाटलं की त्या बाईची तरी काय चूक. तिने नाव कधी ऐकलंच नाही, तिने ते रोमन अक्षरांत वाचलं. एम आला, एच आला, आता आपल्याला माहीत आहे की ते दोन मिळून "म्ह" असा एकच आवाज आहे पण तिला ते कोण सांगणार. माझं तेव्हापासून असं डोक्यात बसलंय की सगळा घोळ इथेच आहे. गावातला माणूस नाव आधी ऐकतो, कित्येक जण तर ते आयुष्यात चार वेळा लिहीत असतील. बाहेरचा माणूस नाव आधी वाचतो आणि मग तोंड उघडतो. म्हणजे अक्षरं प्रवासाला निघाली आणि आवाज घरीच राहिला.

तुमच्याकडचे नमुने टाका. फक्त एक विनंती, "बाहेरून आलेले कसे चुकतात" एवढ्यावरच थांबू नका, आपण पण कुणाचे तरी बाहेरचेच असतो, ते पण येऊ द्या.

कानसेन
धागा आवडला, वाचनखूण साठवली. म्हसवडच्या पंगतीत न्हावा शेवा पण बसवा. म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह हे आवाज मराठी माणूस श्वास न घेता काढतो आणि बाकीच्यांना तिथे एक ह जास्तीचा दिसतो, मग ते एकतर तो गाळतात (नावा शेवा) किंवा वेगळा काढून म्हणतात (नाहवा). कऱ्हाडचं तर रोमनमध्ये कराडच झालं आणि आता आपणही तसंच म्हणतो, तेव्हा तो मुद्दा हातचा गेला.

नंतर ळ आणि ण. धुळ्याचं धुले, लोणावळ्याचं लोनावला, यवतमाळचं यवतमाल, ठाण्याचं थाने. इथे दोष एकट्या हिंदीवाल्यांना देऊ नका, रोमनमध्ये एल लिहिला की ल आणि ळ दोन्ही एकाच गोणीत जातात, एन लिहिला की न आणि ण एकाच गोणीत, टी एच लिहिलं की थ आणि ठ. बाहेर काढताना ज्याच्या हाताला जे लागेल ते.

पण आता गंमत सांगतो. तुम्ही म्हणाल की देवनागरीत लिहिलं की प्रश्न संपला. नाही संपत. जळगाव घ्या. आपण त्यातला ज "जग"मधला म्हणतो की "जहाज"... थांबा, दोन्ही तेच झाले :) "जीव"मधला ज वेगळा आणि "जळणं"मधला वेगळा, लिहायला अक्षर मात्र एकच. चाकणचा च "चाक"मधला, "चहा"मधला नाही. आणि चिंचवडात तर दोन्ही च आहेत, पहिला एक आणि दुसरा दुसरा! हे लिपीत कुठेच दिसत नाही. ज्याला मराठी येत नाही पण देवनागरी वाचता येते त्याला जळगाव वाचायला दिलं तर ज पण चुकणार आणि ळ पण, म्हणजे चार अक्षरांत दोन खड्डे. तेव्हा डोळ्याने शिकणारा देवनागरीतही आपटतोच, फक्त जरा कमी जोरात.

मधलीसुट्टी
चिंचवड चार वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. शेजारचे बघायला लागले. बरोबर आहे.

उगाचउवाच
ळ आणि ण वगैरे ठीक आहे, सरावाने येतात, खरी परीक्षा उच्चारात नाहीच, ती विभक्तीत आहे. समोरचा "पुणेला जातो" म्हणाला की त्याने ण कितीही घोटून म्हटला असला तरी कळतं. गावातला माणूस पुण्याला जातो, ठाण्याला, धुळ्याला, साताऱ्याला, वांद्र्याला, लोणावळ्याला. आणि हे कुणी शिकवत नाही, पाटीवर तर कधीच लिहिलेलं नसतं, पाटीवर नेहमी कोरं नाव. म्हणून हे फक्त कानानेच शिकता येतं.

त्यातही वरची इयत्ता आहे. मिरज. बाहेरचा म्हणणार मिरजला. आतला म्हणणार मिरजेला, कारण मिरज ही बाई आहे हे त्याला ठाऊक आहे. जुनी माणसं नाशकात म्हणतात, आता बहुतेक जण नाशिकमध्ये. ते "मध्ये" आलं ना की समजायचं नाव आता घरातलं राहिलं नाही, पाहुणं झालं.

याच्या उलट बघा, मराठीने ज्या लांबच्या नावांना घरात घेतलं त्यांचंही सामान्यरूप केलं. आग्र्याहून सुटका. कलकत्त्याला नोकरी. अमेरिकेत मुलगा. ओसाकाला मात्र कोणी "ओसाक्याला" म्हणत नाही, म्हणजे ओसाकाशी अजून आपली तेवढी सलगी झालेली नाही. ही माझी स्वतःची फूटपट्टी, शास्त्र वगैरे नाही.

दुपारतीन
मिरजेला साठी +१. "मिरजला" ऐकलं की अंगावर काटा येतो, आणि हल्ली टीव्हीवर तेच.

खारंवारं
गोव्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

गोव्याची इंग्रजीत दिसणारी नावं ही इंग्रजी नाहीतच, ती पोर्तुगीज कानाने ऐकलेली आणि पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेली आहेत, आणि आता ती सगळे इंग्रजी पद्धतीने वाचतात, म्हणजे दोनदा चाळणीतून गेलेली. पर्यटक म्हणतो मारगाव. स्थानिक म्हणतो मडगांव. हा आर कुठून आला? पोर्तुगीजांकडे ड नव्हता, त्यांना आपला ड त्यांच्या र च्या जवळचा वाटला, म्हणून आर लिहिला. एकदा हे कळलं की कुलूप उघडतं. चोडण बेटाचं स्पेलिंग वाचाल तर "चोराव". कुडचडेंमध्ये दोन ड आहेत आणि स्पेलिंगमध्ये दोन आर, त्यामुळे बाहेरचा वाचतो "कर्चोरेम".

आणि ते शेवटचं एम! डिचोलीचं बिचोलिम, साखळीचं सँक्वेलिम, केपेंचं क्वेपेम, सांगेंचं सँग्वेम. पाहुणे मंडळी तो म् इतका ठासून म्हणतात की विचारू नका. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी असा एम लिहिला की तो म् नसतोच, आधीच्या स्वराला नाकात घ्या एवढाच अर्थ. म्हणजे तो एम म्हणजे आपला अनुस्वार आहे हो. केपें, सांगें, कुडचडें यातला जो टिंब तोच तो एम. त्यांनी बरोबर लिहिलं होतं, आपण वाचताना चुकलो.

म्हापसाचं "मापुसा" करणारे, कळंगुटचं "कॅलंग्यूट" करणारे रोज भेटतात, त्यांच्याशी भांडण नाही. माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे, पुढच्या पिढीतली गोव्यातलीच मुलं कधीकधी मित्रांमध्ये "मारगाव" म्हणतात कारण समोरच्याला तेच कळतं. आता सांगा, हे स्थानिक की बाहेरचे?

तिरकस
@खारंवारं ताई, याचं उत्तर मुंबईत मिळेल. शीव. मराठीत शीव म्हणजे गावाची हद्द, साधा सरळ शब्द. लोकलमध्ये मराठी उद्घोषणेत अजून शीव म्हणतात. आणि खाली उतरणारा माणूस, मराठीच, काय म्हणतो? सायन. मी स्वतः म्हणतो. शीव म्हटलं तर रिक्षावाला सोडा, माझा भाऊ सुद्धा विचारेल की हे कुठे आलं. तेव्हा स्थानिक उच्चार म्हणजे काय, तर तिथले लोक आज जे म्हणतात ते, मग ते मुळात बाहेरून आलेलं का असेना.

जाता जाता, साष्टी. मुंबईच्या उत्तरेचं बेट साष्टी आणि गोव्यातला तालुकाही सासष्टी, दोन्ही सहासष्ट गावांवरून. पोर्तुगीजांनी दोन्हीकडे साल्सेट केलं. हा ल कुठून आणला ते त्यांनाच माहीत.

धुक्यातला
इंग्लंडात काही वर्षं काढली त्यामुळे मी या विषयातला जखमी आहे. तिकीट खिडकीवर "लायसेस्टर" मागितलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "लेस्टर." मग यादीच बनवली. वर्सेस्टर दिसतं, वुस्टर म्हणायचं. ग्लॉस्टर. नॉर्विच नाही नॉरिच. वॉरविक नाही वॉरिक. ग्रीनविच नाही ग्रेनिच, ज्याच्या नावाने जगाचं घड्याळ लावलं ते गाव आपण शाळेत सगळी वर्षं चुकीचं म्हटलं. डर्बी नाही डार्बी. रीडिंग नाही रेडिंग. लंडनमधलं साउथवर्क हे सदक. थेम्स ही टेम्स. स्कॉटलंडात गेलो तर एडिनबर्ग नाही एडिंबरा, आणि तिथे एक गाव आहे त्याचं स्पेलिंग किर्ककुडब्राइट असं वाचता येतं आणि लोक म्हणतात कर्कूब्री. तिथे मी हात टेकले.

पण का होतं हे? त्यातलं "चेस्टर", "सेस्टर" म्हणजे लॅटिन कास्त्रा, रोमन सैन्याची छावणी. हजारेक वर्षं रोज तोंडात घोळून घोळून मधली अक्षरं गळली पण लिहिताना कुणी बदललं नाही. घराचा उंबरठा बघा, बरोबर मधोमध झिजलेला असतो, कारण पाय तिथेच पडतो. नाव पण रोज वापरणाऱ्यांच्याच तोंडात झिजतं. बाहेरचा वर्षातून एकदा येणार, तो बिचारा सगळी अक्षरं मोजून म्हणतो.

आपल्याकडेही तेच की. विलेपार्ले फक्त तिकिटावर, तोंडात पार्ले. डोंबिवलीची जुनी माणसं डोंबोली म्हणतात. अहमदनगर पूर्ण म्हणणारा नक्की बाहेरचा, जिल्ह्यातला माणूस नगर म्हणणार, आणि 2024 मध्ये नाव अहिल्यानगर झालं तरी बोलण्यात नगरच टिकलं आहे, कारण दोन्ही नावांचं शेपूट एकच. वेल्समध्ये ते 58 अक्षरांचं गाव आहे ना, ज्याच्या पाटीबरोबर सगळे फोटो काढतात, ते लांबलचक नाव एकोणिसाव्या शतकात प्रसिद्धीसाठी मुद्दाम बनवलेलं. स्थानिक लोक त्याला लानफेअर किंवा फारतर लानफेअर-पूल असं काहीसं म्हणून मोकळे होतात (तो पहिला आवाज ल नाहीये, जिभेच्या कडेने हवा सोडायची असते, मला जमला नाही). अख्खं नाव पाठ करून म्हणून दाखवणारे म्हणजे आपल्यासारखे पाहुणे.

मधलीसुट्टी
ग्रेनिच??? माझं बालपण खोटं होतं.

सातासमुद्रा
धुक्यातला यांनी इंग्लंड संपवलं, मी अमेरिका घेते. तिथे मजा अशी की नावं दुसरीकडून आणलेली आणि उच्चार स्वतःचे. इलिनॉय राज्यात कैरो आहे, म्हणायचं केरो. केंटकीत व्हर्साय आहे, म्हणायचं वर्सेल्स, आणि तिथे जाऊन फ्रेंच उच्चार केलात तर तुम्हीच चुकलात. ओहायोत लिमा आहे, लायमा. आणि आता बसून घ्या, न्यूयॉर्क राज्यात दिल्ली आहे. स्पेलिंग अगदी आपल्या राजधानीचं. उच्चार डेल-हाय. तिथल्या एका पुढाऱ्याला लोक गमतीने "ग्रेट मोगल" म्हणायचे म्हणून गावाला मोगलांच्या राजधानीचं नाव दिलं, अशी कथा आहे. म्हणजे जगातली एक जागा अशी आहे जिथे दिल्लीचा माणूस "दिल्ली" म्हणाला तर तो बाहेरचा ठरतो.

न्यूयॉर्क शहरात एक रस्ता आहे, स्पेलिंग टेक्सासच्या ह्यूस्टनचं, पण म्हणतात हाऊस्टन स्ट्रीट. दोन वेगळ्या माणसांची नावं आहेत ती, त्यामुळे दोन्ही उच्चार आपापल्या जागी बरोबर. तिथे ह्यूस्टन म्हटलं की कपाळावर पर्यटक असा शिक्का.

आणि आर्कन्सॉ. या राज्याच्या दोन सिनेटरांमध्येच एकमत नव्हतं, एक आर्कन्सॉ म्हणायचा आणि दुसरा आर-कॅन्सस. शेवटी 1881 मध्ये विधिमंडळाने रीतसर ठराव करून सांगितलं की शेवटचा एस म्हणायचा नाही. पण त्याच नावाची नदी कॅन्सस राज्यातूनही वाहते, आणि तिथले बरेच लोक तिला आजही आर-कॅन्सस म्हणतात. पाणी तेच, हद्द ओलांडली की नाव बदललं.

दुपारतीन
डेल-हाय 😂 हाय हाय.

कानसेन
सातासमुद्रा, तुमच्यावरून आठवलं. पंजाब. अमेरिकन माणूस "पून्जाब" का म्हणतो? कारण स्पेलिंगमध्ये यू आहे. तो यू का आहे? कारण सुरुवातीच्या इंग्रजांनी अ हा आवाज त्यांच्या "कप" शब्दातल्या यू ने लिहिला. म्हणजे लिहिणाऱ्याने अगदी बरोबर ऐकलं आणि स्वतःच्या वाचकासाठी बरोबर लिहिलं, पंज चं पंजच. कलकत्त्यातला यू तोच, लखनौमधला यू तोच. नंतर हंटर नावाच्या अधिकाऱ्याने एक पद्धत बसवली ज्यात अ ला ए लिहायचा, त्याच पद्धतीने मग सरकारी गॅझेटियर निघालं (1881 ची पहिली आवृत्ती), पण ज्यांचं स्पेलिंग आधीच रुळलं होतं ती नावं तशीच ठेवली. त्यामुळे आता एकाच नकाशावर दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात आणि वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही की या गावाचा यू कुठल्या पिढीतला.

वळणवाट
अहो मला तर उलटा अनुभव आला. बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. आता आपण संस्कृत नाव बघून किती खूश होतो. मी परतीच्या दिवशी टॅक्सीत बसून अगदी शुद्ध, सुभाषित म्हणावं तसं "सुवर्णभूमी" म्हटलं. तो बघत बसला. दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा हाताने विमान उडवून दाखवलं, तेव्हा म्हणाला "आऽ, सुवन्नफूम!" थाई लिपीत संस्कृतची सगळी अक्षरं जपून ठेवलेली असतात पण तोंडात ती थाई होऊन येतात, शेवटचा इकार तर उच्चारतच नाहीत. अयोध्येवरून आलेलं नाव ते अयुत्थया म्हणतात. नगरचं नखोन. पुरीचं बुरी.

आणि बँकॉकला ते बँकॉक म्हणतच नाहीत, क्रुंग थेप म्हणतात. थेप म्हणजे देव. देवनगरी म्हणा ना.

इथे मात्र नकाशावेडा यांचा सिद्धांत जरा लटपटतो असं मला वाटतं, कारण अक्षरं बरोबर आहेत, मी अक्षरं बरोबर वाचली, तरी मी चूक.

नकाशावेडा
@वळणवाट लटपटत नाही, उलट घट्ट होतो! तुम्ही डोळ्याने शिकलात, त्याने कानाने. डोळा कितीही विद्वान असला तरी टॅक्सी कानानेच चालते.

जुनंपुराणं
सगळे दुसऱ्यांच्या चुका मोजताय म्हणून आपला आरसा धरतो. आपण इंदूर म्हणतो, तिथला हिंदी माणूस इंदौर. आपण ग्वाल्हेर, ते ग्वालियर. आपण बडोदे, ते वडोदरा. आपण विजापूर, ते आता विजयपुरा. तमिळनाडूतला किल्ला, जिथे राजाराम महाराज राहिले, आपण जिंजी म्हणतो, तमिळ लोक सेंजी म्हणतात, इंग्रजी नकाशावर जिंजी-गिंजी असं काहीतरी वाचता येतं, आणि जुन्या मराठी पत्रांत चंदी लिहिलेलं सापडतं.

आणि इराण. फारसीत ण नाहीच, तरी मराठीने त्याला ण दिला. बरं दिला तर दिला, राजधानीला नाही दिला, तेहरान. देशाला ण आणि राजधानीला न. हा अन्याय कुणी केला ते शोधून काढलं पाहिजे.

जिद्दी
इंदूर म्हणणं चूक कसं काय? पिढ्यानपिढ्या मराठी माणसं तिथे राहतात, होळकरांपासून. ती इंदूरच म्हणतात. ती काय बाहेरची आहेत? तसंच बडोद्याचं आणि ग्वाल्हेरचं. तंजावरला आजही मराठी बोलणारी घरं आहेत. "स्थानिक" म्हणजे तिथली बहुसंख्य भाषा एवढाच अर्थ घेतला तर कठीण आहे.

जुनंपुराणं
जिद्दीभाऊ, मी चूक म्हटलंच नाही, आरसा म्हटलं. पण मुद्दा मान्य. ग्वाल्हेरातल्या मराठी आजींना "ग्वालियर म्हणा" असं सांगायला मी जाणार नाही.

खारंवारं
जिद्दींच्या मुद्द्याला मंगळूरहून जोड देते. एका शहरात राहणारेच लोक त्याला किती नावांनी हाक मारतात बघा. तुळूत कुडला, कन्नडमध्ये मंगळूरु, कोंकणीत कोडियाल, ब्यारी बोलीत मैकाला, मल्याळममध्ये मंगलापुरम. सगळे स्थानिक, सगळे बरोबर. मग पाहुण्याने कुणाचं ऐकायचं? बस ज्याची असेल त्याचं :)

तिरकस
मुंबईचंही तेच आहे. अजून लोक म्हणतात "1995 मध्ये नाव बदललं". कुणाचं बदललं? मराठीत आधीही मुंबईच होतं, गुजरातीतही मुंबई, हिंदीत बंबई, इंग्रजीत बॉम्बे. 1995 ला फक्त इंग्रजी पाटी बदलली. ज्याला वाटतं की शहराचं नाव बदललं त्याने ते शहर फक्त इंग्रजीत वाचलं होतं.

शब्दखोड
एका गोष्टीचा राग येतो तो काढून घेते. काही लोक चार दिवस जाऊन येतात आणि मराठी बोलताना मध्येच "आम्ही पारीला होतो" असं म्हणतात. अरे मराठी वाक्यात पॅरिस म्हण ना. वाक्य मराठी, क्रियापद मराठी, आणि मध्येच एवढा एक शब्द नाकातून.

वर गंमत अशी की पॅरिसमधला तो स् आपला किंवा इंग्रजांचा अडाणीपणा नाहीच. जुन्या फ्रेंचमध्ये शेवटचा स् म्हणायचे. इंग्रजीने नाव तेव्हा उचललं, मग फ्रेंचांनीच तो स् बोलण्यातून टाकला आणि बाहेरच्यांनी जपून ठेवला. म्हणजे धुक्यातला यांच्या उंबरठ्याच्याच हिशेबाने, घरातल्यांनी झिजवलं आणि लांबच्या नातेवाइकाकडे जुना नमुना जसाच्या तसा राहिला. फ्लॉरेन्सचंही तसंच, इटालियन लोक आता फिरेन्त्से म्हणतात पण लॅटिन फ्लोरेन्तियाच्या जवळचं कोण आहे ते तुम्हीच बघा. त्यामुळे "स्थानिक तेच मूळ" हे डोक्यातून काढा, स्थानिक ते आजचं, एवढंच.

आणि ते "बेझिंग" म्हणणारे. इंग्रजी बातम्यांत सुद्धा. चिनी उच्चारात तो साधा ज आहे, आपल्या "जिंकणे"मधल्या ज च्या जवळचा, आपल्याला तो न शिकता येतो. पण परदेशी नाव आहे म्हणजे काहीतरी अवघड, मऊ, फ्रेंचसारखं असलं पाहिजे असं वाटून लोक सोप्याचं अवघड करतात. ताजमहालाचा "ताझ" करणारे तेच.

धुक्यातला
शब्दखोड, "पारीला" बद्दल अनुमोदन, पण मी आता मराठीत बोलतानाही लेस्टरच म्हणतो, लायसेस्टर जमतच नाही. ते पण नाकातून वाटतं का?

शब्दखोड
नाही, कारण मराठीत त्याला आधीचं रुळलेलं नाव नाही. जिथे भाषेने स्वतःचं नाव केलंय तिथे ते वापरावं, जिथे नाही तिथे गावातल्या लोकांना विचारावं. टेम्सला थेम्स म्हणायला माझी हरकत नाही, आपल्याकडे भूगोलाच्या पुस्तकांत तीच नदी वाहिली.

उगाचउवाच
चुकणाऱ्याला सांगायचं कसं, यावर पण बोला कुणीतरी. तिकीट खिडकीवरचा तो लेस्टरवाला मला आवडला, हसला नाही, भाषण दिलं नाही, फक्त बरोबर नाव परत म्हणाला. आमच्या ऑफिसात एक जण केरळहून आला, तो ठाणे म्हणताना अडखळायचा तर लोक त्याच्याकडून मुद्दाम चार वेळा म्हणवून घ्यायचे. एक दिवस त्याने पाटीवर कोळिक्कोड लिहिलं आणि म्हणाला आता सगळ्यांनी म्हणा. त्यातला तो मधला आवाज, ळ नाही, य नाही, र नाही, जीभ मागे नेऊन कुठेच न टेकवता काढायचा. रोमनमध्ये त्याला झेडएच लिहितात म्हणून अर्धे जण "कोझिकोड" म्हणाले. जे सगळ्यात जास्त हसायचे तेच अडकले. ठाणे प्रकरण त्या दिवशी मिटलं.

दुपारतीन
कोझिकोड म्हणणाऱ्यांत मी आत्तापर्यंत होते. अलेप्पी म्हणत राहिले तर चालेल ना, आलप्पुऴातही तोच आवाज आहे असं दिसतंय 🙈

उगाचउवाच
चालेल. कालिकत आणि अलेप्पी ही नावं पाहुण्यांची सोय म्हणूनच तर उरली आहेत.

नकाशावेडा
सगळ्यांचे आभार, बाईची प्रगती कळवतो. वरचं सगळं वाचून फोनमधला आवाज मराठी केला, म्हटलं आता रोमनची भानगडच नको. काल पुन्हा निघालो. म्हसवड इतकं सुंदर म्हणाली की टाळ्या वाजवल्या. साताऱ्याकडे म्हणाली, साताराकडे नाही, उगाचउवाच यांची परीक्षा पण पास. मग पुढच्या प्रवासात चाकण आलं.

चहातला च.

कानसेन
सांगितलं होतं.